राखलेली ओल

जालन्यात पाण्याचा विचार साठ्याने होतो. हौद किती भरला, घाणेवाडीत किती उरलं, नळाला पुढचं पाणी कोणत्या वारी येणार, टँकर वाड्याच्या दारापर्यंत पोचेल की गल्लीच्या तोंडाशीच थांबेल. सोळाव्या शतकात जमशेदखानाने इथे काळी मशीद, हमामखाना आणि सराई उभारली. त्यानेच गावाच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांतून पाणी गावातल्या हौदांपर्यंत खेळवलं. पुढे निजामाच्या राजवटीत कुंडलिकेवर घाणेवाडीचा तलाव झाला. तिथलं पाणी नुसत्या उताराने शहरात येत असे, त्याला ना इंजिन लागे ना वीज. 'जालना, सोने का पालना' ही म्हण इथल्या बाजारपेठेवरून पडली खरी, पण तो पाळणा हलता ठेवला तो या साठ्यांनी. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही मनाला येईल तेव्हा. अशा मुलखात पाणी अडवणं, बांधून ठेवणं, पुरवून वापरणं हे शहाणपण रक्तातच असावं लागतं.

मी जुन्या जालन्यात वाढले. कुंडलिका ओलांडली की नवा जालना, अलीकडे आमचा जुना. बालपणापासून पाण्याची दोनच रूपं माझ्या ओळखीची होती, साठलेलं आणि संपलेलं. तिसरं रूप आजोळच्या रानात भेटायचं. पेरणीआधी मामा काळ्या मातीचं ढेकूळ उचलून मुठीत दाबत. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, त्यावर बोटांचे ठसे उमटले आणि तळव्याला चिखल लागला नाही, की ते म्हणत, "वल हाय. धरा तिफन." ती ओल कुठल्या भांड्यात मावत नव्हती, तिला फूट-इंचांचं माप नव्हतं, आणि तरीही साऱ्या वर्षाचं पोट तिच्यावर अवलंबून होतं. साठा माणूस बांधतो. ओल मात्र त्याला बांधता येत नाही, फक्त राखता येते. हे नीट कळायला मला महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात जावं लागलं.

तिथे बांबर्डे नावाचं गाव आहे, हेवाळ्याला लागून, तिलारीच्या खोऱ्यात. आमच्या वाट्याला येतो त्याच्या चौपट-पाचपट पाऊस तिथल्या डोंगरउतारांवर कोसळतो. या खोऱ्यातल्या नऊ गावांच्या हद्दीतलं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल २०२० साली तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं. बांबर्डे त्या गावांपैकीच एक. पण मी गेले होते ती त्याहून फार लहान जागा पाहायला. बांबर्ड्यात २.५९ हेक्टरांची, म्हणजे जेमतेम साडेसहा एकरांची, एक गोड्या पाण्याची दलदल आहे. महाराष्ट्र शासनाने तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिलेला आहे. आमच्याकडे एवढ्या रानाला कुणी 'बरं शेत' सुद्धा म्हणणार नाही, 'तुकडा' म्हणतील. त्या तुकड्यासाठी सरकारी राजपत्रात जागा झाली.

उन्हाळा तोंडावर आला होता. जालन्यात कुंडलिकेच्या पात्रात तेव्हा शहराच्या सांडपाण्याशिवाय काही वाहत नव्हतं. काजूच्या बागा आणि अननसाची लागवड मागे टाकून आम्ही उतारावरून खाली आलो. वाटाड्या गावातलाच. तो एका ठिकाणी थबकला आणि म्हणाला, "ताई, हयसून येवा. थंय पाय रुततलो." मी खाली पाहिलं. पाचोळ्याच्या थराखालून पाणी हळूहळू सरकत होतं, नितळ, घोट्याएवढं. त्याला आवाज नव्हता. व्हाळ, म्हणजे ओढा, उतारावर खळखळत येतो, इथे सपाटी लागताच त्याचा वेग मोडतो, पाणी पसरतं, मातीत मुरतं, पुन्हा वर येतं. झाडांची सावली इतकी दाट की दुपारीही अंगावर गारवा जाणवावा. कुजलेल्या पानांचा वास होता, पण त्यात घाण नव्हती. पहिल्या पावसानंतर आमच्या रानात येतो तोच वास, फक्त कित्येक पटींनी गहिरा.

आणि सगळीकडे मुळं. अशी मुळं मी आधी कुठे पाहिली नव्हती. चिखलातून एक मूळ वर येतं, वीतभर उंच कमान करतं आणि पुन्हा चिखलात शिरतं. हातभर पुढे जाऊन परत वर, परत खाली. एका झाडाच्या कमानींत दुसऱ्याच्या कमानी गुंतलेल्या. वाकवलेल्या गुडघ्यांसारखी दिसतात म्हणून त्यांना गुडघेमुळं म्हणतात. मी उकिडवी बसून एका कमानीच्या माथ्यावरून बोट फिरवलं. साल खरखरीत होती, तिच्यावर बारीक उंचवटे होते. ती श्वासरंध्रं. सदा पाण्याखाली असलेल्या मातीत हवा नसते. मुळांना प्राणवायू हवाच, तो खाली मिळत नाही, म्हणून मूळच श्वास घ्यायला वर येतं आणि घेतलेला श्वास घेऊन खाली जातं. काही झाडांच्या बुंध्यातून तिरपी आधारमुळंही फुटलेली होती, कारण भुसभुशीत चिखलात तीस-तीस मीटर उंचीचं खोड नुसत्या सोटमुळावर उभं राहत नाही. ज्या जमिनीत दुसरं झाड गुदमरून आणि कलंडून मरेल, त्या जमिनीत या झाडाने गुदमरणं आणि कलंडणं या दोन्ही गोष्टींवर उपाय काढला आहे.

हे झाड जायफळाच्या कुळातलं. शास्त्रीय नाव मायरिस्टिका मॅग्निफिका, म्हणून या दलदलींना मायरिस्टिका दलदल म्हणतात. पान हातभर लांब, चामड्यासारखं जाड. सालीला खाच पडली तर आतून लाल चीक पाझरतो, रक्ताची आठवण करून देणारा. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, त्यामुळे एकटंदुकटं झाड उरलं तर त्याचा वंश तिथेच थांबतो. फुलझाडांच्या फार जुन्या शाखांपैकी एका शाखेवर हे कुळ येतं. आज ते जगभर पसरलेलं आहे, पण जिथे उष्णता आणि ओल एकत्र नांदतात तिथेच.

या कुळाशी आपली रोजची ओळख आहे. जालन्याला घरी आल्यावर मी मसाल्याच्या डब्यातलं जायफळ घेतलं आणि धारदार सुरीने आडवं कापलं. पुरणपोळीसाठी आयुष्यभर किसलेलं जायफळ मी आतून असं कधी निरखलं नव्हतं. फिकट गरावर तपकिरी शिरांची नक्षी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वळत, फाटे फोडत गेलेली. बीजाचं आतलं आवरण गरात ठिकठिकाणी घुसल्यामुळे ही नक्षी तयार होते. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला प्राचीन कुळांची खूण मानतात. या जायफळावरची लाल जाळी सोलून वाळवली की जायपत्री होते. काळ्या मसाल्यात पडणारी रामपत्री हीसुद्धा सह्याद्रीतल्या रानजायफळाची अशीच जाळी. म्हणजे ज्या कुळाला सावली आणि ओल सोडून जगता येत नाही, त्याचा वाळलेला अंश आमच्या कोरड्या मुलखाच्या आमटीत कित्येक पिढ्या उतरतो आहे, आणि ते झाड कसं उभं असतं हे आमच्या स्वयंपाकघरांना माहीत नाही.

या झाडाचं बी मोठं असतं, आणि ते वाळवून ठेवता येत नाही. आपली ज्वारी, आपली तूर कणगीत वर्षभर झोपते आणि मृगात जागी होते. मराठवाड्यातलं सारं बियाणं दुष्काळ सोसायला शिकलेलं आहे. दलदलीतल्या रानजायफळाला ती सोय नाही. ओल सुटली की थोड्याच दिवसांत त्यातला जीव जातो. त्यामुळे ते फार दूर जाऊ शकत नाही. फळ फुटतं, आतली केशरी-लाल जाळी दिसते आणि धनेश येतात. कोकणात त्यांना गरूड म्हणतात. जाळीसह बी गिळायचं, जाळी पचवायची, बी जसंच्या तसं ओकून टाकायचं. ते जर सुक्या उतारावर पडलं तर संपलं, ओलीत पडलं तर रुजलं. खाली पडलेल्या बियांमागे खेकडे लागतात. केरळातल्या दलदलींत अभ्यासकांनी पाहिलं की खेकडे या बिया ओढत आपल्या बिळांकडे नेतात. वर पक्षी, खाली खेकडा, मध्ये बी, आणि तिघांनाही त्याच ओलीचा आधार.

म्हणूनच ही दलदल एका जागी मोडली तर शेजारून भरून येत नाही. शेजार नसतोच. पहिल्यांदा १९६० साली कृष्णमूर्ती नावाच्या वनाधिकाऱ्याने त्रावणकोरच्या भागातून या जंगलांची नोंद केली. केरळात आज अशा साठेक दलदली उरल्या आहेत आणि त्या सगळ्यांची बेरीज दीड चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात कत्तलेकान आहे, गोव्यात सत्तरी तालुक्यात बांबर इथे निरंकाराची राई आहे. महाराष्ट्रात असं काही नसेल असंच फार काळ वाटत होतं. २०१८ मध्ये हेवाळे-बांबर्ड्याच्या दलदलीची नोंद 'करंट सायन्स' या नियतकालिकात आली आणि या साखळीचं उत्तरेकडचं टोक महाराष्ट्रात आलं. पुढे दोडामार्ग तालुक्यातच कुंब्रल गावच्या देवराईतही अशी दलदल सापडली. एकेकाळी हे पट्टे सलग असावेत असं अभ्यासक मानतात. व्हाळाकाठची सपाट ओली जागा भातालाही आवडते आणि सुपारीलाही. माणसाने चर काढले, पाणी वळवलं, कुळागरं लावली. डोंगर उतारावर चढून लाकूडतोड करण्यापेक्षा खालची ही सपाटी साफ करणं सोपं होतं. पाच-पन्नास पिढ्यांत मोठी ओल संपली आणि मणी सुटावेत तसे हे तुकडे उरले.

त्या तुकड्यांत राहणारेही तितकेच नेमके. पश्चिम घाटातल्या दोन टाचण्या, म्हणजे चतुराच्या नाजूक नातेवाईक, या दलदलीच्याच नावाने ओळखल्या जातात, मायरिस्टिका सफायर आणि मायरिस्टिका बांबूटेल. केरळातल्या दलदलीतून २०१३ साली एका झाडबेडकाचं वर्णन झालं, त्याचं नाव मर्क्युराना मायरिस्टिकापॅलस्ट्रिस. नावाचा उत्तरार्ध दलदलीचा, पूर्वार्ध फ्रेडी मर्क्युरीचा. हा जगप्रसिद्ध पारशी गायक लहानपणी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला. संशोधकांना त्याचं गाणं आवडायचं आणि त्याचं बालपण याच सह्याद्रीत गेलं होतं, म्हणून बेडकाला त्याचं नाव. मला ही गोष्ट फार आवडते. चिखलात राहणाऱ्या बोटाएवढ्या जिवाला नाव देताना माणसाला आपलं सगळ्यांत लाडकं गाणं आठवावं, यात त्या जिवाविषयीचा आदर आहे.

थंड देशांत दलदलीची नैसर्गिक कहाणी वेगळी असते. आयर्लंड, स्कॉटलंड, फिनलंड इथे पाणथळीत स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. थंडी, आम्लता आणि हवेचा अभाव यांमुळे ते मेल्यावर कुजत नाही, थरावर थर बसत जातो आणि हजारो वर्षांत त्याचं पीट होतं. आयर्लंडमध्ये लोक ते कापून, वाळवून चुलीत जाळत आले. १९५० साली डेन्मार्कमधल्या अशाच एका दलदलीत एका माणसाचं शरीर सापडलं. तो सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा होता, पण चेहरा इतका शाबूत की ज्यांना तो सापडला त्यांना वाटलं हा अलीकडचाच खून असावा. जगाच्या जमिनीपैकी सुमारे तीन टक्के भागावर पीटच्या पाणथळी आहेत, आणि जगातल्या सगळ्या जंगलांच्या लाकूड-पानांत मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून अधिक त्यांच्या पोटात आहे. आपल्याकडच्या उष्म्यात पाचोळा इतका टिकत नाही, त्यामुळे इथे पीटचे तसे जाड थर नाहीत. पण त्या थंड पाणथळींतली एक जिद्द आपल्या सड्यांवरही दिसते. कासच्या पठारावर पावसाळ्यात कातळाच्या खोलगट भागात पाणी साचतं. त्या पातळ, निकस मातीत नत्र नसतं, म्हणून तिथे दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरते, आणि सीतेची आसवं निळी फुलं वर डोलवत मातीखाली बारीक पिशव्यांनी सूक्ष्म जीव टिपते. जिथे अन्न कमी आणि ओल जास्त, तिथे जीव अशी अफाट कल्पकता दाखवतो. २०१२ मध्ये कासचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला, त्यामागे या इवल्या शिकाऱ्यांचाही वाटा आहे.

आमच्या जालन्याच्या पायाखाली काय आहे, हेही मी त्या निमित्ताने वाचलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे लोट एकामागून एक पसरले आणि त्यांचाच हा काळा पाषाण, त्याचीच झिजून झालेली ही काळी माती. पण दोन लोटांच्या मध्ये उसंत असे, कधी हजारो वर्षांची. त्या उसंतीत थंडावलेल्या दगडावर तळी साचत, पाणथळी होत, गाळ बसे. मग पुढचा लोट येई आणि सगळं झाकून टाकी. विदर्भाच्या सीमेला लागून छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान इथे अशा थरांत ताडांचे, पाणवनस्पतींचे, ॲझोलाचे जीवाश्म मिळाले. बिरबल साहनी यांनी त्यांचा अभ्यास केला. ज्या दख्खनला आपण जन्मजात कोरडा समजतो, त्याच्या पाषाणात ओली पानं मिटून पडली आहेत. आगीच्या दोन लाटांमध्ये जेवढा अवकाश मिळाला तेवढ्यात इथे दलदल जगून गेली. तेव्हापासून मला आमची जमीन अनाथ वाटत नाही.

बांबर्ड्याची, कुंब्रलची, निरंकाराची ओल आजवर टिकली, त्यामागे कायद्याआधी माणसं होती. देवराईत कुऱ्हाड न्यायची नाही, पडलेलं लाकूडही उचलायचं नाही, पायताण बाहेर काढायचं, असे नियम कोकणात आणि गोव्यात अनेक राईंना आहेत. या राखणीला कुणी अंधश्रद्धा म्हणून हसू नये. गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं की या झाडांखालून येणारं पाणी मे महिन्यातही आटत नाही. त्या ज्ञानाला देवाचं नाव दिलं म्हणून ते मोडायला कुणी धजलं नाही. आता भोवताली रबर आणि अननसाची लागवड वाढते आहे, खाजगी जंगलं विकली जात आहेत, आणि नुसता देवाचा धाक पुरत नाही. त्यामुळे कायद्याची जोड लागली. २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या ३७ व्या कलमानुसार राज्य सरकार स्थानिक संस्थांच्या सल्ल्याने अशी जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं, आणि ४१ व्या कलमानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. त्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या हद्दीत काय उगवतं, काय उडतं, काय पोहतं, कुठे पाणी पाझरतं, हे गावाने स्वतःच्या शब्दांत लिहायचं.

हे सगळं कोकणाचं, आपला काय संबंध, असं जालन्यात कुणीही म्हणेल. संबंध आहे, कारण आपणही ओल गमावतो आहोत आणि तिची मोजदादच करत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने मोसंबीच्या बागा उभ्या वाळताना पाहिल्या. त्या काळात इथल्या नागरिकांनी पुढाकार घेऊन घाणेवाडीचा गाळ काढला, शेतकऱ्यांनी तो रानात नेला. ते काम मोठं होतं, त्याचं मोल कधी कमी होणार नाही. नंतरच्या वर्षांत गावोगाव नाल्यांचं खोलीकरण आणि रुंदीकरण झालं. त्यानेही काही विहिरींना पाणी आलं. पण पोकलेनचा पंजा नाल्यात उतरतो तेव्हा तो खोली बघतो, काठ बघत नाही. जिथे पाणी पसरट होऊन लव्हाळ्यात शिरत असे, जिथे पाणकणसाची हिरवी भिंत उभी असे, जिथे जनावरं तोंड लावत, ती उथळ चिबड जागा सरळ, उभ्या दरडीची होते. साठा वाढतो, पण साठ्याच्या कडेची ती जिवंत किनार जाते.

त्या किनारीवर काय असतं ते ज्याने हिवाळ्यातल्या सकाळी मराठवाड्यातल्या एखाद्या तलावाच्या शेपटाला उभं राहून पाहिलं आहे, त्याला सांगायला नको. तलावाच्या भिंतीकडे पाणी खोल असतं, तिथे फारसं कुणी नसतं. शेपटाकडे, जिथे ओढा येऊन मिळतो आणि पाणी पोटरीएवढं उरतं, तिथे गर्दी असते. लाल काठ्यांएवढ्या लांब पायांवर शेकाट्या चालत असतो. वंचक चिखलाच्या रंगाचा होऊन बसलेला असतो, उडाला की एकदम पांढरा. काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी घोळक्याने पोहतात. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. पाणलाव गवतातून पायाखालून निसटतो तेव्हाच दिसतो. उत्तरेकडून हिमालय ओलांडून चक्रवाक येतात, थापटे येतात, आणि त्यांना आमच्या खोल साठ्याचं कौतुक नसतं, त्यांना हवी असते ही वीतभर पाण्याची, चिखलाची कड. माणसाला हवा तो साठा आणि पाखराला हवी ती कड एकाच तलावाची असते. दोन्ही राखता येतात, मनात असेल तर.

कायद्याचीही नजर मोठ्या पाण्यावरच पडते. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या देशाच्या पाणथळ नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरांहून मोठ्या जागांच्या हद्दी रेखाटल्या आहेत, त्याहून लहान जागा नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या आहेत. बांबर्ड्याची दलदल त्या मापाच्या जेमतेम वर आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांतून नदीचं पात्र, भातखाचरं आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. मराठवाड्यात तर बहुतेक पाणी बांधलेलंच. म्हणजे आपल्या पाझर तलावांचं शेपूट, बारवेखालची उपळ, नदीकाठचा लव्हाळ्याचा पट्टा या नियमांच्या आसऱ्याला सहजी येत नाहीत. त्यांच्यासाठी वर सांगितलेली गावची नोंदवही हाच हातातला मार्ग आहे. बांबर्ड्याला तो दर्जा झाडांमुळे मिळाला, आपल्याला तो लगेच मिळेल असं मी म्हणत नाही. पण नोंद झालेली जागा आणि बेवारस जागा यांत फरक असतो. नोंद असली की जेसीबी आणण्याआधी कुणाला तरी विचारावं लागतं.

कुंडलिका पुढे दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. शहरातून जाताना तिच्यात आपण काय सोडतो हे पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला वासानेच कळतं. तरीही पात्रात जिथे थोडी माती आणि थोडी सावली उरली आहे, तिथे पाणकणीस उगवतं, आणि त्यात पाणकोंबडी घरटं करते. या नदीने अजून आपल्यावरची आशा सोडलेली नाही. सांडपाणी वेगळं काढणं हे महापालिकेचं काम आहे आणि ते झालंच पाहिजे. पण काठाच्या त्या पट्ट्यावर भराव टाकायचा नाही, तिथे भिंत बांधून त्याला सुशोभीकरण म्हणायचं नाही, हे ठरवायला कुठल्या निधीची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून वाचणाऱ्याकडे माझी एक मागणी आहे. आपल्या गावात, आपल्या प्रभागात, उन्हाळ्यातही ज्या जागी पाय रुततो अशी एक जागा शोधा. ओढ्याचं वळण असेल, तलावाचं शेपूट असेल, जुन्या बारवेच्या पायथ्याची उपळ असेल. तिथे कोणती पाखरं येतात, कोणतं गवत उगवतं, कोणत्या महिन्यापर्यंत ओल असते, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढा. येत्या ग्रामसभेत किंवा महापालिकेत अर्ज देऊन ती जागा लोकजैवविविधता नोंदवहीत घालून घ्या, आणि तिथे भराव, खोलीकरण व कचरा नको असा ठराव मागा. जागा अर्ध्या एकराची असली तरी चालेल. महाराष्ट्राने साडेसहा एकरांचा चिखल वारसा म्हणून राखला आहे. मराठवाड्यालाही ते जमेल.